कुठं असतोस सध्या?

सोलापूरचा पंचविशी-तिशीतला इंजिनिअर दिवाळीला किंवा गड्ड्याला गावी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय बे, कुठं असतोस सध्या?" वाकड, खराडी, बंगळुरू, हैदराबाद, फारच झालं तर डॅलस. उत्तर मिळालं की विचारणारा खूश. पुढचा हिशोब त्याचा तोच करून टाकतो. वाकड म्हणजे साधारण एवढं पॅकेज, डॅलस म्हणजे तेवढं, आणि 'इथंच असतो, सोलापुरात' म्हणजे पोराचं काहीतरी बिनसलंय. तो पोरगा दिवसभर नेमकं काय करतो, कुणासाठी करतो, त्याला ते पटतं का, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. भांडण आहे ते आपल्याशी, कारण हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारत आलोय. डिग्री हातात पडली तेव्हा प्रश्न होता 'पुढे काय?' आपण उत्तर दिलं, 'पुणे'. दोन-तीन वर्षांनी तोच प्रश्न परत आला, आपण म्हटलं, 'बंगळुरू'. आता तिशीच्या तोंडावर तो पुन्हा दारात उभा आहे आणि आपण व्हिसाच्या तारखा बघतोय. 'काय'चं उत्तर 'कुठं'ने द्यायची ही सवय आपल्याला महागात पडली आहे. ती मोडायची तर 'आधी सेटल होऊ, मग बघू' हे वाक्य आधी टाकून द्यावं लागेल. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे.

*

'सेटल' हा शब्द आपल्या घरांत फार वापरून गुळगुळीत झालाय. शेजारच्यांचा सेटल झाला, मावसबहीण सेटल झाली, आमच्याचं अजून व्हायचंय. त्याची पायरी-पायरीची यादी सगळ्यांना पाठ आहे. आधी कॅम्पसमधली नोकरी, मग एक-दोन स्विच मारून पॅकेज, मग टू बीएचके, मग लग्न. यादी संपली की म्हणे माणूस मोकळा. 'मग तुला काय करायचं ते कर.'

आता ज्यांना सेटल म्हणतात त्यांचं आयुष्य बघू. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. डिग्री मिळून सहा वर्षं झाली आणि त्या सहा वर्षांत माझे पाच पत्ते झाले. माझ्या बॅचमध्ये हा काही विक्रम नाही. माझं सगळं सामान टेम्पोच्या एका खेपेत मावतं आणि ते तसंच मावावं म्हणून मी पुस्तकांचं कपाट घेत नाही. घराचा करार अकरा महिन्यांचा. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. प्रोजेक्ट कधी संपेल ते क्लायंटच्या मर्जीवर. रूममेट बदलतात, डबेवाल्या काकू बदलतात, फक्त फोन नंबर तोच राहतो. आणि अशा माणसाला बँक आनंदाने वीस वर्षांचं कर्ज देऊ करते.

या अकरा महिन्यांची गंमत सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती कटकट आणि खर्च टाळायला देशभर अकरा महिन्यांचे करार व्हायला लागले. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सांगून टाकलं की मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारण इथं उरलेलंच नाही. तरी सवय टिकून आहे. दर वर्षी कुणीतरी भाडं वाढवतं, कुणीतरी बॅग भरतं, आणि कुणीच विचारत नाही की हे असंच का.

आपलं बेघरपण असं कागदावर लिहिलेलं आहे. त्याला आपण उगाच आत्म्याची वेदना वगैरे करून ठेवलंय. रविवारी दुपारी छातीत जे पोकळ वाटतं त्याचा बराचसा भाग करारांमुळे आहे. सगळे करार छोट्या मुदतीचे असले की माणूसही छोट्या मुदतीचाच विचार करायला लागतो. म्हणूनच 'सेटल झाल्यावर ठरवू' हा भ्रम आहे. ज्या व्यवस्थेत आपण काम करतो तिला आपण हलते राहण्यातच फायदा आहे. ती आपल्याला कधीतरी खाली बसवेल आणि 'आता सांग, तुला काय करायचंय' असं विचारेल, याची वाट बघण्यात अर्थ नाही.

*

इथं दुसऱ्या बाजूने एक आवाज येतो. 'तुमची पिढी मुळं विसरली.' हे वाक्य स्नेहसंमेलनात ऐकू येतं, फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फोटोखाली येतं.

यावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला साधा आहे. आम्हाला उपटलं कुणी? दहावीचा निकाल लागल्यापासून ज्यांनी 'सोलापुरात काय ठेवलंय?' असं आम्हाला ऐकवलं, तेच आता मुळांची आठवण करून देतात. त्यांचंही गणित चुकीचं नव्हतं. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली, आणि पुढच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजं उभी राहिली. त्याच काळात सोलापूरच्या गिरण्या एकेक करून शेवटचे आचके देत होत्या. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णूही बंद पडली. एकीकडे डिग्र्या वाढत होत्या, दुसरीकडे भोंगे थांबत होते. अशा शहरातल्या आईबापांनी पोरांना पुण्याच्या गाडीत बसवलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण मग पुढे मुळांवर प्रवचन तरी देऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. सोलापूर हे शहरच मुळं सोडून आलेल्या माणसांनी बांधलेलं आहे. इथली पहिली कापडगिरणी, जिला आपण आजही जुनी मिल म्हणतो, ती १८७७ ची. ते वर्ष दख्खनच्या मोठ्या दुष्काळातलं. गावं सोडून निघालेली माणसं गिरणीच्या दाराशी आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पूर्व भागात आजही घरात तेलुगू आणि रस्त्यावर मराठी चालतं, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. अक्कलकोटच्या बाजूने कन्नड आली. ज्या चादरीवर आपण 'आपली सोलापुरी' म्हणून छाती काढतो, ती इथं येऊन राहिलेल्यांच्या मागावर विणली गेली.

आणि या आलेल्या माणसांनी काय केलं? मे १९३० मध्ये ब्रिटिश अधिकारी शहर सोडून गेले आणि तीनेक दिवस सोलापूर लोकांच्या हातात होतं. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावं एकापाठोपाठ वाचा. चार घरं, चार वेगळे उंबरे. यांचं मूळ एकच होतं असं कोण म्हणेल? ते एका शहराचे झाले, कारण त्या शहराचं ओझं त्यांनी आपलं म्हणून उचललं. कुर्बान हुसेन तर तेव्हा विशीतला पोरगा होता, पत्रकार, गिरणी कामगारांमध्ये काम करणारा.

आपण दर रविवारी पुण्याला परतायला जी गाडी पकडतो तिचं नाव हुतात्मा एक्सप्रेस आहे. ते नाव याच चौघांचं. आपण ॲपवर तिकिटाचं वेटिंग बघताना ते नाव हजारदा वाचलंय. मुळं म्हणजे काय, याचं उत्तर त्या नावातच आहे. सातबारा, कुलदैवत आणि आडनाव या गोष्टी जन्माबरोबर फुकट मिळतात. गाव आपलं होतं ते त्याच्यासाठी काहीतरी अंगावर घेतल्यावर.

*

मग परत जायचं का? हा तिसरा आवाज, आणि सध्या सगळ्यात लाडका. नोकरी सोडून गावी परतलेल्या इंजिनिअरचे रील आपण सगळेच बघतो. मागे बासरी, पुढे कडक भाकरी, शेंगा चटणी, सिद्धेश्वर तलावावर मावळता सूर्य. खाली कमेंटमध्ये आपणच लिहितो, 'एक दिवस मीपण'.

हा प्रयोग आपण करून बसलोय. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आपल्यातले कितीतरी जण सोलापुरात परतले आणि वर्ष-दोन वर्षं घरातूनच काम केलं. डिप्लॉयमेंट झाल्या, रिलीज झाले, क्लायंट खूश राहिले. त्या दोन वर्षांत एक गोष्ट सिद्ध झाली. आपलं काम करायला वाकडला असणं गरजेचं नव्हतं, ती कंपनीची सोय होती.

पण दुसरीही गोष्ट सिद्ध झाली आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या दोन वर्षांत आपण सोलापुरात होतो का? कानाला हेडफोन, खोलीचं दार बंद, आईने दारातून खुणेने विचारायचं, जेवतोस का. रात्री अकराला अमेरिकेशी कॉल. गल्लीत कुणाचं काय चाललंय याचा आपल्याला पत्ता नव्हता. शरीर जुळे सोलापुरात आणि माणूस हिंजवडीत, एवढाच फरक पडला. बोलावणं आल्यावर आपण निघालो तेव्हा गल्लीला काहीही कमी पडलं नाही. नुसतं परत येणं हेही 'कुठं'चंच उत्तर आहे. पत्ता बदलला म्हणून प्रश्न सुटत नाही, मग तो पत्ता लहानपणीचा का असेना.

'कोसला' १९६३ ला आली. त्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि शेवटी हात हलवत सांगवीला परततो. आपल्या पिढीला तो अजूनही जवळचा वाटतो. फरक एवढाच की त्याच्यामागे परत जायला घर, शेत, बापाचा व्यवहार असं सगळं उभं होतं. आपल्यातल्या बहुतेकांच्या मागे निवृत्तीला आलेले वडील, त्यांची औषधं आणि आपल्याच पगारावर उभं असलेलं एक घर आहे. हरून परत जायचीही एक चैन असते, ती आपल्याकडे नाही.

*

म्हणून 'काय'कडे वळू. सोलापूरनेच याचं एक उदाहरण देऊन ठेवलंय. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूर. मुंबईत शिकून डॉक्टर झाला. पुढचं शिक्षण घ्यायचं, मग प्रॅक्टिस, म्हणजे त्या काळातलं सेटल होणं, हा रस्ता समोर सरळ होता. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात तो गेला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. तिथली भाषा शिकला, आघाडीजवळ शस्त्रक्रिया केल्या, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला, गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. त्याच्या मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. सोलापुरातल्या त्याच्या जन्मघरात आज स्मारक आहे.

घाबरू नका, 'कोटणीस व्हा' असं सांगणार नाही. हुतात्म्यांचे फोटो दाखवून पोरांना लाजवायचा धंदा मला आवडत नाही. मला त्याच्या निर्णयाचा फक्त क्रम बघायचा आहे. काम काय आणि कुणासाठी, हे आधी ठरलं. कुठं, हे त्यातून आलं. आणि घर, भाषा, माणसं ही सगळी त्या कामाच्या भोवती गोळा झाली, त्याच्या आधी नाही. आपण हा क्रम उलटा लावलाय. आधी जागा पक्की, मग घर, मग माणसं, आणि काम मात्र जे मिळेल ते.

*

उलट्या क्रमाची किंमत फक्त आपणच मोजतो असंही नाही. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, साठा शंभर टीएमसीच्या वर, आणि सोलापूर शहरात वर्षानुवर्षं नळाला पाणी तीन-चार दिवसांआड. आपल्या आया अजून पाण्याच्या वेळेला गजर लावून उठतात. या शहरात शिकलेले, पाइपलाइनचा नकाशा वाचू शकणारे, माहितीच्या अधिकारात अर्ज करू शकणारे कितीतरी जण मतदार यादीत सोलापूरचे आहेत आणि मतदानाच्या दिवशी स्टँडअप मीटिंगमध्ये असतात. दुसरीकडे, जिथं राहतात तिथल्या यादीत त्यांचं नावच नाही. हिंजवडीचं आयटी पार्क महाराष्ट्राची शान म्हणून मिरवलं जातं, पण २०२५ पर्यंतही तिथला कारभार ग्रामपंचायतीच्या हद्दीतला. तिथल्या ट्रॅफिकवर आपण जितके मीम केले, तितके अर्ज केले नाहीत. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे आणि सोलापूर या दोन्ही महापालिकांत कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकांच्या हाती. आपल्यातल्या किती जणांच्या ते लक्षात आलं? दोन्ही गावांनी आपल्याला पाहुणा धरलं आणि आपणही पाहुण्यासारखे वागलो. पाहुणा तक्रार करत नाही आणि भांडीही घासत नाही.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक फार शहाणी तरतूद आहे. एखाद्या मतदारसंघात नुसतं स्वतःचं घर आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. म्हणजे वाकडचा टू बीएचके घेऊन तुम्ही आपोआप तिथले होत नाही, आणि भाड्याच्या खोलीत राहता म्हणून परकेही ठरत नाही. जिथं खरोखर राहता तिथं नाव नोंदवता येतं, राहायची जागा बदलली तर फॉर्म आठ भरून ते हलवता येतं. नोंदवलेला भाडेकरार पुरावा म्हणून चालतो. कायदा आपल्याला सेटल व्हायची अट घालत नाही. ती अट आपणच घालून घेतलीय.

*

मला माहीत आहे, यावर कुणीतरी म्हणेल की हे सगळं बोलायला ठीक आहे, घर कोण चालवणार? हा आक्षेप खरा आहे. सुरुवातीचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास किती वर्षं तसंच अडकून आहे, ते आपण जाणतो. बहिणीचं शिक्षण, वडिलांचं ऑपरेशन, डोक्यावरचं शैक्षणिक कर्ज, यातलं काहीच तत्त्वज्ञानाने फिटत नाही. ज्याला पुढची तीन वर्षं फक्त पैसे मिळवायचे आहेत त्याने ते बिनदिक्कत मिळवावेत. पण मग तसं स्वतःशी स्पष्ट म्हणावं: 'मी तीन वर्षं कर्ज फेडतोय.' हेही 'काय'चंच उत्तर आहे आणि ते प्रामाणिक आहे. त्याला मुदत आहे, कारण आहे, शेवट आहे. 'सेटल होतोय' याला यातलं काहीच नाही. फ्लॅट झाला की मोठा फ्लॅट, मॅनेजर झालो की सीनियर मॅनेजर, आणि तोवर आपण पंचेचाळीस.

माझ्यासमोर सध्या असाच एक निर्णय आहे. कंपनी तीन वर्षांसाठी बाहेर पाठवायला तयार आहे. आईबाबा सोलापुरात आहेत, बाबांना दोन मजले चढवत नाहीत. फोनवर ते म्हणतात, जा. आई काही म्हणत नाही. मित्रांचे दोन तट पडलेत, 'वेडा आहेस का, जा' आणि 'वेडा आहेस का, परत ये'. दोन्ही तट 'कुठं'वरच भांडतायत.

मी प्रश्न बदलून बघितला. सहा वर्षांत मला कोणतं काम करताना घड्याळ बघावंसं वाटलं नाही? उत्तर सोपं होतं. आईच्या मोबाइलवर तिच्याबरोबर बसून एक सरकारी फॉर्म भरत होतो तेव्हा. दहा वेळा ती इंग्रजी शब्दापाशी अडली आणि प्रत्येक वेळी 'मलाच कळत नाही' म्हणाली. तिला सगळं कळत होतं. फॉर्म बनवणाऱ्याला ती दिसली नव्हती. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बाईला तर तो अजिबातच दिसली नसणार. मला माझ्या भाषांतून चालणारी, अशा माणसांना न लाजवणारी सॉफ्टवेअर बनवायची आहेत. हे काम कुठलीही कंपनी मला देत नाहीये. पण आठवड्याच्या दोन संध्याकाळी मी ते आजच्या भाड्याच्या खोलीतून करू शकतो, आणि करतोय. आता ऑफरकडे बघताना मी विचारतो की तीन वर्षांत हे काम पुढे जाईल की थांबेल, आणि बाबांच्या जिन्याचं काय. कंपनीला उत्तर अजून दिलेलं नाही. ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर असेल, हे मात्र ठरलंय.

तुमचं काम दुसरं असेल. कुणाला शिकवायचं असेल, कुणाला युनियन काढायची असेल, कुणाला गिरणीच्या पडक्या भिंतींचे फोटो आणि त्यात राबलेल्या आजोबांच्या आठवणी जमवायच्या असतील. ते लहान असलं तरी चालेल. फक्त त्याची तारीख 'सेटल झाल्यावर' अशी नको. ज्या खोलीचा करार पुढच्या मार्चमध्ये संपतोय, त्याच खोलीत ते सुरू करा. त्याच खोलीच्या पत्त्यावर मतदार यादीत नाव घाला. खालच्या मजल्यावरच्या काकांना नावाने हाक मारा. पत्ता बदलेल तेव्हा फॉर्म आठ पुन्हा भरा, काम बरोबर घेऊन जा.

आणि गड्ड्याला गावी गेल्यावर कुणी विचारलंच, "काय बे, कुठं असतोस सध्या?", तर जागेचं नाव सांगून गप्प बसू नका. काय करतो ते सांगा, त्याला कंटाळा येईपर्यंत. मग त्यालाही विचारा, "तू काय करलालास?"